गंजिफा मोबाइलवर आणताना

(सावंतवाडी येथे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मोबाइलवरचा खेळ तयार करायचा म्हटले की कोणती भाषा शिकावी आणि कोणते इंजिन, म्हणजे खेळ बांधण्याची तयार प्रणाली, घ्यावे, हाच प्रश्न आधी विचारला जातो. त्याचे उत्तर मी लगेच देऊन टाकतो. युनिटी आणि गोडो ही दोन्ही इंजिने आपल्या कामाला पुरेशी आहेत. गोडो पूर्णपणे मोफत व मुक्तस्रोत आहे आणि मराठीच्या दृष्टीने त्याचा एक मोठा फायदा आहे, तो पुढे सांगेन. मला आज ज्या गोष्टीविषयी बोलायचे आहे, ती मात्र इंजिनाची नाही. खेळ गुगल प्लेसारख्या ॲपच्या दुकानात ठेवण्याचे, म्हणजे प्रकाशनाचे नियम हे शेवटच्या आठवड्यात भरायचे अर्ज नसून खेळाच्या रचनेचाच भाग आहेत, आणि ज्याने ते पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवले, त्याचाच खेळ लोकांच्या हातात पोहोचतो, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणासाठी मी याच गावचा खेळ घेतो. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे दहा अवतारांच्या गोल पत्त्यांचा खेळ, आपण राजवाड्यात पाहिलेली असेल. १९७०च्या दशकात इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही लोप पावत चाललेली कला पुन्हा उभी केली, हेही आपण जाणता. पण पत्ते पाहिलेले पुष्कळ आणि डाव खेळलेले फार थोडे, अशी आजची स्थिती आहे. म्हणूनच हा खेळ मोबाइलवर यावा असे मला मनापासून वाटते.

पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी असे बारा पत्ते. तिघांनी खेळायचे म्हणजे प्रत्येकाच्या हाती चाळीस पत्ते आले. हे चाळीस पत्ते मोबाइलच्या पडद्यावर मांडायचे कसे, हा रचनेचा पहिला खरा प्रश्न. नेहमीच्या पत्त्यांच्या कोपऱ्यात आकडा असतो, त्यामुळे ते एकावर एक सरकवले तरी ओळखू येतात. गंजिफाचा पत्ता गोल आहे, त्याला कोपराच नाही. एकावर एक ठेवले की दिसते ती फक्त कडेची चंद्रकोर. त्या कोरेवरून पार्श्वभूमीचा रंग कळतो, म्हणजे अवतार कळतो, पण पंजा आहे की अठ्ठी, हे कळत नाही. यावर मला सुचणारा मार्ग असा, की हातातले पत्ते दहा अवतारांच्या दहा गटांत आपोआप लावावेत, गटावर बोट ठेवले की तेवढेच पत्ते उलगडावेत, आणि गटाच्या खुणेसाठी नुसत्या रंगावर विसंबू नये. मासा, कासव, परशू, बाण अशी चिन्हे या पत्त्यांवर मुळातच आहेत. ती मोठी करून दाखवावीत. पुष्कळ पुरुषांना लाल आणि हिरवा नीट वेगळे करता येत नाहीत, आणि दहा छटांमधला फरक तर भर उन्हात, एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या कोणालाच स्पष्ट दिसणार नाही.

आता चित्रांकडे येऊ. चित्राची फाइल डिस्कवर लहान आहे म्हणजे ती फोनच्या मेमरीतही लहानच राहील, असा समज फार सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. चित्र पडद्यावर काढण्यापूर्वी ते उलगडावे लागते आणि उलगडल्यावर प्रत्येक बिंदूला (पिक्सेलला) चार बाइट लागतात. एक पत्ता ५१२ बाय ५१२ बिंदूंचा ठेवला, तर तो एकटा बरोबर १ एमबी जागा घेतो. १२० पत्ते म्हणजे १२० एमबी. हे नव्या, महागड्या फोनला जड नाही. पण आपल्याकडे घरातला जुना फोन आजीआजोबांकडे जातो, आणि गंजिफा ज्यांना आठवते ती हीच माणसे आहेत. हातातल्या पत्त्याला १२८ बिंदूंची रुंदी पुरते. २०४८ बाय १०२४ बिंदूंच्या एकाच मोठ्या चित्रात असे १२८ पत्ते बसतात, म्हणजे आपला संपूर्ण संच बसून आठ जागा उरतात. हे चित्र ईटीसी२ या, न उलगडताच फोनला वापरता येणाऱ्या पद्धतीने दाबून ठेवले तर ते मेमरीत २ एमबीवर येते. पटावर टाकलेले पत्ते मोठे दिसायला हवेत, पण एका वेळी पटावर मोजकेच पत्ते असतात, तेवढेच मोठ्या आकारात आणावेत. एवढ्या साध्या हिशेबाने १२० एमबीचे ओझे पाचसहा एमबीवर येते.

दुसरी बाब पिसण्याची. पुष्कळ जण प्रत्येक पत्त्याची कोणत्याही एका पत्त्याशी अदलाबदल करतात आणि पिसून झाले असे मानतात. तीनच पत्ते घेऊन तपासा. या रीतीने ३ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे २७ सारख्या शक्यतेच्या वाटा तयार होतात. तीन पत्त्यांचे क्रम मात्र सहाच. २७ला ६ने भाग जात नाही, तेव्हा काही क्रम इतरांपेक्षा जास्त वेळा येणारच. योग्य रीत फिशर-येट्स यांची: शेवटच्या जागेसाठी १२० पत्त्यांतून एक निवडायचा, त्याच्या आधीच्या जागेसाठी उरलेल्या ११९ मधून, आणि असेच खाली यायचे. कोडच्या चारपाच ओळींचे हे काम आहे, पण खेळावरचा विश्वास त्यावर उभा असतो. मुरलेल्या खेळाडूला वाटप वाकडे असल्याची शंका एकदा आली, की तो ॲप पुन्हा उघडत नाही.

गंजिफाचा एक नियम मला विशेष आवडतो. दिवसा डाव मांडला असेल तर ज्याच्या हाती रामाचा राजा तो उतारी करतो, आणि रात्री ज्याच्या हाती कृष्णाचा. संगणकाच्या विद्यार्थ्याला हे ऐकताच फोनचे स्थान विचारून त्या गावचा खरा सूर्योदय-सूर्यास्त काढावा, असा मोह होईल. प्रकाशनाचा विचार इथेच करायचा असतो. स्थानाची परवानगी मागितली की गोपनीयता धोरणात तिचा खुलासा करावा लागतो, गुगल प्लेच्या माहिती-सुरक्षा अर्जात त्या माहितीचे काय करता हे लिहून द्यावे लागते, आणि एका पत्त्यांच्या खेळाला माझे गाव कशाला हवे, असे खेळणाऱ्यालाही वाटते. फोनचे घड्याळ पाहून सकाळी सहा ते संध्याकाळी सहा दिवस मानला, तर यातले काहीच उद्भवत नाही. जाहिरातींचेही तसेच आहे. जाहिरात दाखवणारा तयार कोडसंच खेळात घातला की तो सहसा फोनचा जाहिरात-ओळखक्रमांक गोळा करतो, आणि ती माहिती तुम्ही स्वतः पाहत नसलात तरी ती जाहीर करण्याची जबाबदारी तुमचीच असते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करण्यास मनाई केली आहे. गंजिफा शाळकरी मुलांनी खेळावी अशी इच्छा असेल, तर पहिली आवृत्ती जाहिरातींशिवाय आणि इंटरनेटशिवाय चालणारी असावी. उरलेले दोन खेळाडू संगणकाने चालवावेत. घाटात आणि खाडीकाठच्या वाड्यांत रेंज जाते-येते, पावसाळ्यात वीजही जाते. तेव्हा हा निर्णय खेळणाऱ्याच्याही सोयीचा आहे.

पैसे लावून खेळण्याची सोय मात्र कोणत्याही रूपात ठेवू नका. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आहे, आणि दुकानाच्या वयोगट ठरवणाऱ्या प्रश्नावलीतही जुगाराविषयी स्पष्ट प्रश्न असतो.

आता मराठीचा मुद्दा. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते, पण दिसताना व्यंजनाआधी दिसावी लागते. ही जुळणी करणारी व्यवस्था इंजिनात नसेल, तर 'गंजिफा' या नावातली वेलांटी ज च्या आधी न येता पुढच्या फ ला जाऊन चिकटते, आणि 'प्रधान' मधला प्र पाय मोडून दोन तुकड्यांत उभा राहतो. युनिटीत वर्षानुवर्षे वापरात असलेल्या टेक्स्टमेश प्रो या मजकूर दाखवणाऱ्या घटकामध्ये ही जुळणी होत नाही. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, हार्फबझ ही जुळणी करणारी प्रणाली आतच दिलेली आहे. मी गोडो सुचवतो त्याचे मुख्य कारण हेच. अक्षरसंचासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचना संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे मुक्त परवान्याचे संच उपलब्ध आहेत. आपल्या खेळाच्या पहिल्याच पडद्यावर मराठी मोडकी दिसत असेल, तर आतली कारागिरी कितीही चांगली असली तरी तो खेळ प्रकाशित करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

चित्रांच्या हक्काविषयीही तितकाच आग्रह आहे. खेळाचे नियम परंपरेचे आहेत, ते सर्वांचे आहेत. पण एखाद्या चितारी कलावंताने आज रंगवलेला संच त्याचा आहे. तो विकत घेतला म्हणून स्कॅन करून ॲपमध्ये वापरण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी कलावंताशी लेखी करार करावा, मोबदला ठरवावा आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव द्यावे.

आता प्रत्यक्ष प्रकाशन. गुगल प्लेच्या खात्याला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. ॲपलला दर वर्षी ९९ डॉलर. सुरुवात अँड्रॉइडवर करणे आपल्याकडे स्वाभाविक आहे. नव्या वैयक्तिक खात्याला खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते: किमान १२ परीक्षक, सलग १४ दिवस. २०२३ साली हा नियम आला तेव्हा २० परीक्षक लागत. पुढच्या वर्षी ती संख्या कमी झाली. बारा जण जमवणे अवघड नाही, पण ते चौदा दिवस सलग टिकले पाहिजेत, म्हणून चारपाच जण जास्त घ्यावेत. त्यात दोन आजोबा असावेत, एखादी शाळकरी मुलगी असावी, आणि मुंबईला असलेले भाऊबंद असावेत. चाचणीनंतर गुगलकडे खुल्या प्रकाशनाची परवानगी मागायची, तेव्हा परीक्षकांनी काय सांगितले आणि तुम्ही काय बदलले, हे विचारले जाते. म्हणून त्यांचे म्हणणे रोजच्या रोज टिपून ठेवावे. गणपतीत चाकरमानी घरी येतात, रात्री जागरणे होतात, पत्ते निघतात; गंजिफा खुली करण्यास याहून चांगला मुहूर्त नाही. पण त्यासाठी चतुर्थीपासून उलटे मोजत यायला हवे. चाचणीचे दोन आठवडे, परवानगीचा साधारण एक, तपासणीला आणखी एक, आणि दुरुस्तीसाठी मोकळे ठेवलेले दिवस धरले, तर चाचणी आषाढातच सुरू झाली पाहिजे.

दुकानातल्या पानासाठी ५१२ बिंदूंचे चौकोनी चिन्ह, १०२४ बाय ५०० चे शीर्षचित्र, ८० अक्षरांचे छोटे वर्णन आणि खेळातली खरी पडदाचित्रे लागतात. नावाला ३० अक्षरांची मर्यादा आहे आणि काना, वेलांटी, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात. 'दशावतारी गंजिफा' या नावाची अशी पंधरा होतात. ॲपचे अंतर्गत पॅकेज-नाव मात्र विचार करून ठेवा, कारण एकदा प्रकाशित झाल्यावर ते बदलता येत नाही.

शेवटी खात्याच्या मालकीविषयी. ॲप एकदा ठेवले की काम संपत नाही. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांशी जुळवून घेण्यासाठी दर वर्षी अद्ययावत आवृत्ती द्यावी लागते, न दिल्यास नवे फोन घेणाऱ्यांना ते ॲप दुकानात दिसेनासे होते. महाविद्यालयातला गट पदवीनंतर पुण्या-मुंबईला पांगतो, आणि खाते एकाच्या नावावर, मूळ चित्रे दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, ॲपची आवृत्ती आपलीच असल्याचे पटवणारी सहीची किल्ली तिसऱ्याकडे अशी स्थिती होते. त्यामुळे खाते कोणाच्या नावावर, विक्री झाल्यास दुकानाचे कमिशन वजा जाऊन उरलेल्यात कलावंताचा वाटा किती, आणि पुढच्या वर्षीची आवृत्ती कोण करणार, हे सर्व पहिली ओळ लिहिण्याआधी एका कागदावर लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात.