गर्दी नसलेल्या रस्त्यावर

(दृश्य: वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, अंधेरी. संध्याकाळ.)

अंधेरीत संध्याकाळी साडेसातला गाडी चालवायची तर दोन डोळे कमी पडतात. डावीकडून रिक्षा घुसते, बाइकवाला आरशाला चाटून जातो, बेस्टची बस नाक पुढे काढते आणि मग तिला जागा द्यावीच लागते. जो इथे चालवतो तो जगात कुठेही चालवेल, असं आपण एकमेकांना सांगत आलोय. मागच्या सीटवर बसलेले हे काका पार्ल्याचे. बँकेतून निवृत्त झालेत. त्यांचंही म्हणणं हेच आहे, आणि ते आपल्याला या फिल्ममध्ये पुढे बऱ्याचदा ऐकायचंय.

गाडी चालवतेय त्यांची मुलगी. मे महिन्यात ती आणि आईबाबा म्युनिकला उतरणार, तिथे गाडी भाड्याने घेणार आणि ऑस्ट्रियातून इटलीत जाणार. टूर कंपनीची बस नको, हा आईचा हट्ट. त्या बसवाल्या सहली सकाळी सहाला उठवतात म्हणे.

(दृश्य: अंधेरी आरटीओचं आवार. रांग, फाइली, शिक्के.)

सुरुवात आरटीओपासून. पार्ल्याची माणसं अंधेरीला येतात. शहरातली ताडदेवला, पूर्व उपनगरांतली वडाळ्याला, अंधेरीपलीकडची बोरिवलीला. अर्ज नमुना 4-अ चा, तो परवान्यांच्या सरकारी सारथी पोर्टलवर भरता येतो. पासपोर्ट, चालू असलेला परवाना, फोटो, 1000 रुपये फी. हातात पडते ती आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटची पुस्तिका. मुदत एक वर्ष. रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या जिनिव्हा कराराचा हा नमुना. 2022 मध्ये केंद्र सरकारने तो देशभर एकसारखा केला आणि पुस्तिकेवर क्यूआर कोड आला. जपानला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण तिथे 1949 च्याच नमुन्याची पुस्तिका चालते. आपली तीच आहे.

पुस्तिका म्हणजे आपल्या परवान्याचा सरकारी अनुवाद. त्यामुळे मूळ परवाना जवळ हवाच. एकटी पुस्तिका भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर ठेवली तर चावी मिळत नाही, आणि इटलीत पोलिसांनी हात केला तर एकट्या परवान्यावरही भागत नाही. दोन्ही एकाच पाकिटात ठेवा.

आता या टेबलाकडे नीट बघा. कागद तपासले, शिक्का बसला, पुस्तिका दिली. उजव्या बाजूने गाडी चालवता येते का, हे कुणी विचारलं? विचारत नाहीत, कारण नियमात तशी चाचणीच नाही. मुंबईत डाव्या बाजूने चालवायचा परवाना दाखवा आणि जर्मनीत उजव्या बाजूने निघा. ही फिल्म करावीशी वाटली ती या टेबलामुळे.

(दृश्य: ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, पार्ल्याची एक गल्ली.)

सराव करायचा तरी कुठे? डाव्या स्टिअरिंगची गाडी आपल्याकडे मिळणं अवघड. मोटार वाहन कायद्याचं कलम 120 ठरावीक सिग्नल यंत्रणेशिवाय ती रस्त्यावर आणू देत नाही. मुलीने ज्यांच्याकडे गाडी शिकली त्या मास्तरांना फोन केला. मास्तर म्हणाले, "या, माझ्या सीटवर बसा."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी, म्हणजे डावीकडे, वेगळे क्लच आणि ब्रेक असतात. शिकवणारा तिथूनच गाडी सांभाळतो. आज चालवतायत मास्तर आणि त्यांच्या जागेवर बसलीय ती. पायडल दाबायचे नाहीत, फक्त बघायचं. अख्खी गाडी आता आपल्या उजव्या हाताला आहे, हे डोळ्यांना समजवायचं.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण वर्षानुवर्षं आपण उजवीकडे बसलोय. डावीकडे बसवलं की मन गाडीची रुंदी विसरतं आणि गाडी नकळत उजवीकडे सरकत जाते. म्युनिकमध्ये त्या बाजूला फुटपाथ, उभ्या गाड्या आणि सायकलवाले. उजवा आरसा आणि उजव्या बाजूची चाकं, बिल बहुतेक याचंच येतं.

मास्तरांनी सांगितलेली खूण सोपी आहे. ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या बाजूला. आपण फुटपाथच्या कडेला बसलेले दिसलो, म्हणजे गाडी चुकीच्या बाजूला आहे. देश कुठलाही असो, गाडी तिथलीच असली की ही खूण फसत नाही.

क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर यांचा क्रम तोच राहतो. गिअर मात्र उजव्या हाताला येतो, आणि सवयीने डावा हात दारावर आपटतो. म्हणून बुकिंग करतानाच ऑटोमॅटिक मागावी, पैसे थोडे जास्त गेले तरी. इंडिकेटरचंही तेच. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो उजव्या दांडीवर, तिथे डाव्या. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर वायपर फिरतात. फिरू द्यावेत.

(दृश्य: जेवणाचं टेबल, त्यावर कॅरमबोर्ड.)

आमचा सगळ्यात आवडता शॉट हा. बोर्डच्या मधलं वर्तुळ म्हणजे चौकातलं सर्कल. राणी ही आपली गाडी, बाकी काळ्यापांढऱ्या सोंगट्या म्हणजे जर्मन. आपल्याकडे सर्कलला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळसा घालतात, तिथे उलट्या. आपण उजवीकडून येणाऱ्याकडे बघतो, तिथे डावीकडे बघायचं. जो आत आहे त्याला आधी जाऊ द्यायचं. बाबांनी राणी पुढे सरकवली, डावीकडून एक काळी आली, आणि बाबा थांबले नाहीत.

"बाबा, तुम्ही गेलात."

"अगं, तो थांबला असता की!"

"तिथे नाही थांबत कुणी. तुम्ही थांबणार, असं धरूनच तो येतो."

मग दुसरा चौक, पाटीही नाही, सिग्नलही नाही. तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. म्युनिकच्या राहत्या वस्तीत असे चौक पावलोपावली लागतात, आणि उजवीकडच्या गल्लीतून येणारा वेग कमी करेलच असं नाही. नियम आपल्याकडेही साधारण असाच आहे. पार्ल्यात तो कुणी पाळताना कॅमेऱ्यात सापडला असता, तर नक्की दाखवला असता. आणि उजवीकडे वळताना खांद्यावरून मागे बघायचं, कारण सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याचा हक्क आपल्या आधीचा.

काकांना पटलेलं नाही, हे चेहऱ्यावर दिसतंच आहे. काकू स्वयंपाकघरातून म्हणतात, "तुम्ही मागे बसा म्हणजे झालं." पण मुलीने त्यांना वेगळं काम दिलंय. पुढे शेजारी बसायचं, मोबाइलमधला नकाशा वाचायचा आणि प्रत्येक वळणाआधी एकच शब्द म्हणायचा: उजवी बाजू.

(दृश्य: म्युनिक विमानतळ, भाड्याच्या गाड्यांचा तळमजला.)

विमान मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतं आणि सकाळी पोहोचवतं. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास. रात्रभर डोळा लागलेला नसतो आणि पार्किंगमध्ये चावी हातात येते. यांनी पहिली रात्र शहरात काढली, ट्रेनने गेले आणि गाडी घ्यायला दुसऱ्या दिवशी परत आले. एका दिवसाचं भाडंही वाचलं.

काउंटरवर क्रेडिट कार्ड लागतं, ज्याच्या नावावर बुकिंग त्याचंच. साधारण हजार-दीड हजार युरो अडकवून ठेवतात. विम्याच्या कागदावर बघायचा तो आकडा, नुकसान झालं तर पहिले किती आपल्या खिशातून जाणार. टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग बऱ्याचदा विम्यात धरलेलेच नसतात. ज्याचं नाव करारात नाही त्याने स्टिअरिंग हातात घेतलं, तर विमा संपला. म्हणून इथे बाबांचं नाव घातलेलं नाही. ऑस्ट्रिया आणि इटली, दोन्ही देशांत गाडी नेणार असल्याचं करारात लिहून घेतलंय.

आता हे पूर्ण बघा, आम्ही मुद्दाम कापलेलं नाही. मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ. नंबरप्लेटपासून सुरुवात, मग बंपर, दारांच्या कडा, चारही रिम, काचेचा कोपरा. मागच्या उजव्या रिमवर ओरखडा आहे. ती वाकून बोट ठेवून दाखवतेय. मग छप्पर, मग किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा. ओरखडा कंपनीच्या कागदावर नव्हता. परत काउंटरवर जाऊन तो लिहून घेतला, सही घेतली, तेव्हाच गाडी हलली. डिकी उघडून गाडी बंद पडली तर रस्त्यावर ठेवायचा त्रिकोण आणि चमकणारं जॅकेट आहे का, तेही पाहिलं. गाडीत जॅकेट असणं जर्मनीत सक्तीचं आहे.

मग वीसेक मिनिटं त्याच पार्किंगमध्ये गोल गोल. मागचा गाडीवाला वैतागला असेल. असू दे.

(दृश्य: ऑटोबान, वाहतूक तुंबलेली.)

ऑटोबानला, म्हणजे जर्मनीतल्या हायवेला, वेगमर्यादाच नसते, ही अर्धी गोष्ट. बऱ्याच टप्प्यांवर मर्यादा असते, आणि जिथे नसते तिथे 130 चा सल्ला असतो. डावी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. ओव्हरटेक झाला की उजवीकडे परत.

हे मात्र आम्हाला अचानक मिळालं. पुढे काहीतरी झालंय, गाड्या मंदावल्या. अजून सायरन नाही, काही नाही. तरी सगळ्यात डावीकडच्या लेनमधल्या गाड्या आपापल्या डाव्या कडेला सरकल्या, बाकीच्या सगळ्या उजवीकडे, आणि मध्ये सरळ एक वाट उघडली. वाहतूक थबकली की ही वाट करायचीच, असा कायदा आहे, जर्मनीत आणि ऑस्ट्रियातही. अ‍ॅम्ब्युलन्स आली ती कुठेही ब्रेक न लावता गेली. काका यावर काही बोललेले नाहीत.

(दृश्य: पेट्रोल पंप.)

पंपावर नळीच्या रंगावर जाऊ नका. रंग देशागणिक बदलतो. जपानमध्ये हिरवी नळी डिझेलची. युरोपात 2018 पासून खुणा ठरलेल्या आहेत: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. तीच खूण टाकीच्या झाकणाच्या आत असते, जुळवून बघायची. चुकीचं इंधन बहुतेक विम्यात बसत नाही.

ऑस्ट्रियात शिरण्याआधी हायवेचं व्हिनिएट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोलचा पास, घेतलं. इन्सब्रुकनंतर ब्रेनर घाटाच्या रस्त्याला वेगळा टोल लागतो. घाट उतरताना ऑटोमॅटिकलाही खालच्या गिअरमध्ये घेतलं, ब्रेक तापू नयेत म्हणून. लोणावळ्याचा घाट उतरणाऱ्यांना हे सांगायला नको.

(दृश्य: डॅशकॅम. इन्सब्रुकजवळचं गाव. सकाळचे सहा चाळीस.)

रस्त्यावर चिटपाखरू नाही. गेस्ट हाउसच्या अंगणातून गाडी निघते, डावीकडे वळते, आणि वळून झाल्यावर ती डाव्या बाजूला आहे. पाच सेकंद. सहा. गाडीत कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मग बाबांचा आवाज: "अगं उजवी, उजवी!" गाडी सरकते. त्यानंतर वळणावरून दुधाचा टँकर येतो.

म्युनिकच्या गर्दीत तिच्याकडून एकदाही असं झालं नव्हतं. गर्दीत चूक होणं कठीण, पुढची गाडी जिथे जाते तिथे आपण जातो. अंधेरीत आपण आयुष्यभर हेच केलंय, पाटी वाचली नाही, पुढच्याचा ब्रेकलाइट वाचला. बाजू चुकते ती रस्ता रिकामा असताना: पहाटे, पंपावरून बाहेर पडताना, फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना, आणि एकपदरी रस्ता संपल्यावर. आपल्याला सांभाळून घेणारं तिथे कुणी नसतं. मुंबईतली हुशारी इथे कामाला येत नाही, कारण ती हुशारी गर्दीवर चालते.

इथून पुढे शेजारी बसलेल्या बाबांचा एक शब्द प्रत्येक वळणाआधी ऐकू येतो. आवाज आम्ही तसाच ठेवलाय. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान, थायलंड इथे बाजू आपलीच असते, तिथे हा त्रास नाही. तिथे झोप हा मोठा शत्रू, आणि ऑस्ट्रेलियात तिन्हीसांजेला कांगारू.

इटलीतलं चित्रण कमी आहे. एवढंच सांगतो: फ्लॉरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात पांढऱ्यावर लाल गोलाची पाटी दिसली की आत जायचं नाही, कॅमेरे आहेत. दंडाची नोटीस परदेशी माणसाला 360 दिवसांत कधीही येऊ शकते, आणि तुमचा पत्ता पोलिसांना दिल्याबद्दल गाडीची कंपनी वेगळे पैसे लावते.

(दृश्य: क्रमांक पडद्यावर.)

अपघात झालाच तर युरोपात 112. अमेरिकेत 911, ऑस्ट्रेलियात 000, न्यूझीलंडमध्ये 111, दुबईत पोलिसांना 999, जपानमध्ये पोलिसांना 110 आणि अ‍ॅम्ब्युलन्सला 119. जॅकेट घालून उतरा, सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या, मग फोन. फोन लागला की आधी जागा सांगा. ऑटोबानवर कडेला किलोमीटरच्या आकड्यांच्या पाट्या असतात, तो आकडा आणि कुठल्या दिशेने जात होता ते. जो कागद वाचता येत नाही त्यावर सही करू नका. गाडीच्या कंपनीला तिथूनच फोन लावा.