अठरावा बॅनर आणि दुसरा एप्रन

[दृश्य: बोस्टनची विजययात्रा. हिरव्या कागदांचा पाऊस, डक बोटी.]

21 जून 2024. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधलं बोस्टन सेल्टिक्सचं अठरावं विजेतेपद. पहिले पाच चेहरे लक्षात ठेवा: टेटम, ब्राऊन, व्हाइट, हॉलिडे, पोर्झिंगिस. पुढच्या जूनमध्ये यातल्या दोघांचे सौदे ठरलेले असतील. का, ते या फळ्यावर आहे.

[दृश्य: पांढरा फळा. खालून वर चार आडव्या रेषा.]

हंगाम 2025-26. सगळ्यात खाली सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, 15 कोटी 46 लाख 47 हजार डॉलर. त्यावर लक्झरी टॅक्सची रेषा, जिच्या वरच्या पगारावर संघाला कर पडतो, 18 कोटी 78 लाख 95 हजार. मग एप्रन, म्हणजे ओलांडले की संघाच्या व्यवहारांवर बंधनं घालणाऱ्या रेषा: पहिला एप्रन, 19 कोटी 59 लाख 45 हजार. आणि लाल मार्करने ओढलेला दुसरा एप्रन, 20 कोटी 78 लाख 24 हजार.

आयपीएल बघणारा इथे हमखास अडखळतो. आपल्याकडे लिलावात पर्स संपली की पॅडल खाली. एनबीएची कॅप राजरोस ओलांडता येते. आपल्याच खेळाडूशी नवा करार करायचा असेल तर ती आड येत नाही. या सवलतीला नाव पडलंय ते बोस्टनच्याच लॅरी बर्डचं. घरचा पोरगा घरातच राहावा, हा तिचा हेतू.

[दृश्य: फळ्यावर दोन नावं.]

ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने केलेली नव्या खेळाडूंची निवड. ब्राऊन 2016 च्या ड्राफ्टचा, टेटम 2017 च्या. दोघेही तिसऱ्या क्रमांकावर घेतलेले, दोघेही इथेच वाढलेले, दोघेही सुपरमॅक्सवर. म्हणजे पहिल्या वर्षी कॅपच्या 35 टक्के पगार आणि पुढे दरवर्षी त्या पहिल्या पगाराच्या 8 टक्के वाढ. ही वाढ चक्रवाढ नाही. भल्याभल्यांचा हिशेब इथे चुकतो. टेटमचं पहिलं वर्ष 5 कोटी 41 लाख. पाच वर्षांची बेरीज करायला त्याला 5.8 ने गुणायचं. येतात साधारण 31 कोटी 40 लाख.

ब्राऊनचं हे दुसरं वर्ष, 5 कोटी 31 लाख. दोघांचे मिळून पावणेअकरा कोटींच्या आसपास. कराच्या रेषेखाली राहायचं तर बाकी सगळ्या संघासाठी उरतात 8 कोटी 6 लाख. आणि व्हाइट, हॉलिडे, पोर्झिंगिस या तिघांचेच होतात 9 कोटींच्या वर.

[दृश्य: मार्कर जवळून. करांच्या पायऱ्या.]

आता कर. तो पायऱ्यांनी चढतो. एकेक पायरी 56 लाख 85 हजारांची. मागच्या चारपैकी तीन हंगामांत कर भरलेला संघ 'रिपीटर' ठरतो आणि त्याला दर वेगळा. 2025-26 मध्ये बोस्टन रिपीटर. पहिल्या पायरीवर डॉलरमागे 3 डॉलर, दुसरीवर सव्वातीन, तिसरीवर साडेपाच, चौथीवर पावणेसात. पुढे प्रत्येक पायरीला अर्धा डॉलर जादा.

रेषेच्या 2 कोटी वर असलेला संघ घ्या. पहिली पायरी 1 कोटी 71 लाख. दुसरी 1 कोटी 85 लाख. तिसरी 3 कोटी 13 लाख. उरलेल्या साडेएकोणतीस लाखांवर 1 कोटी 99 लाख. एकूण जवळपास 8 कोटी 67 लाख. रिपीटर नसलेल्या संघाला याच जादा पगारावर 4 कोटी 67 लाख पडले असते.

बोस्टन जून 2025 मध्ये दुसऱ्या एप्रनच्याही सुमारे 2 कोटी वर होतं. तिथे डॉलरमागे आठ डॉलरहून जास्त कर.

[दृश्य: मॅडिसन स्क्वेअर गार्डन, 12 मे 2025. टेटम जखमी होऊन कोसळतो. निवेदन नाही.]

[दृश्य: पुन्हा फळा. नावांवर काट.]

हॉलिडे, 3 कोटी 24 लाख, पोर्टलँडला. बदल्यात सायमन्स, 2 कोटी 77 लाख. पगारातला फरक जेमतेम 47 लाखांचा, पण करात वाचले सुमारे 4 कोटी. पोर्झिंगिस अटलांटाला, बदल्यात आलेला नियँग 82 लाखांचा, त्यालाही ऑगस्टमध्ये युटाला धाडला, वर ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीचे दोन पिक, म्हणजे निवडीचे हक्क, द्यावे लागले. हॉरफर्ड आणि कॉर्नेट करार संपवून गेले.

पैसे मोजायची तयारी असली तरी दुसरा एप्रन हात बांधतो. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठा खेळाडू आणता येत नाही. ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही. जेवढा पगार पाठवला त्याहून जास्त घेता येत नाही. शिवाय सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो. बोस्टनचा 2032 चा असाच गोठला. पुढच्या चारपैकी दोन हंगामांत पुन्हा या रेषेवर गेलात तर तो पिक थेट फेरीच्या शेवटी.

बाहेरून महागडे तारे गोळा करणाऱ्याला आवर घालायला हा नियम ठीक. पण पिकवलेलं रोप आणि विकत आणलेलं झाड त्याला एकच. बर्डच्या नावाची सवलत एका हाताने देते, एप्रन दुसऱ्या हाताने काढून घेतो.

[दृश्य: राखीव खेळाडूंचा बाक.]

म्हणून या बाकाच्या टोकाला जीव ओततात. टू-वे करार, म्हणजे मुख्य संघ आणि त्याचा दुय्यम लीगमधला संघ अशा दोन्हीकडे खेळवायचा करार, कॅपमध्ये धरलाच जात नाही. ड्राफ्ट न झालेला नवखा किमान पगारावर घेतला, तर कराच्या हिशेबात तो दोन वर्षं खेळलेल्याच्या भावाने धरतात. ड्राफ्टमधून आलेला मात्र खऱ्या पगारानेच मोजला जातो. रिपीटरसाठी एवढ्या फरकालाही तिप्पट-चौपट किंमत आहे, आणि दुसऱ्या फेरीच्या पिकांवर घासाघीस होते ती यामुळेही.

करारातले 'अशक्य' मानलेले बोनस ही आणखी एक खोच. मिळाले नाहीत तर त्यांच्यावर कर नाही, एप्रनच्या बेरजेत मात्र ते पहिल्या दिवसापासून असतात.

[दृश्य: फळा पुसला जातो. एकच तारीख उरते.]

कराचा आकडा ठरतो नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशीच्या पगारपटावरून. ऑक्टोबरमध्ये रेषेवर असलेला संघ एप्रिलमध्ये खाली असला की सुटला. कर न भरणाऱ्या संघांना जमलेल्या कराच्या निम्म्यापर्यंतचा वाटाही समान मिळतो. सगळी धावपळ फेब्रुवारीतली, ट्रेडची मुदत संपण्याआधीची: रेषेच्या दहा-वीस लाख वर असलेला संघ किमान पगाराचा एखादा खेळाडू दुसऱ्याच्या पदरात टाकतो, वर थोडी रोकड. दुसऱ्या एप्रनवरच्या संघाला ती रोकडही देता येत नाही.