रॅकच्या मागच्या बाजूचे तीन स्क्रू

केबलच्या हेडएंडमध्ये, म्हणजे जिथून चॅनल केबलवर सोडतात त्या खोलीत, कॅमेरा शिरला की सगळे समोरचे लुकलुकणारे दिवे शूट करतात, पण खरा कारभार मागे असतो, तर आपण तिकडेच जाऊया, जरा अंग चोरून, जागा कमी आहे.

हा सॅटेलाइट रिसीव्हर, इथे सगळे आयआरडीच म्हणतात. या बीएनसी नावाच्या गोल सॉकेटमधून निघते ती एएसआय, २७० मेगाबिटची डेटा लाइन, सरळ मक्सकडे, म्हणजे अनेक चॅनल एकत्र बांधणाऱ्या डब्याकडे. हिला केबल ७५ ओहमचीच हवी. ५० ओहमची दिसायला सारखीच आणि छोट्या तुकड्यावर चालूनही जाते, तोच तर घोळ आहे, मग कधीतरी पिक्चर फुटतं आणि लोक गच्चीवर जाऊन डिश हलवत बसतात.

शेजारचं नऊ पिनांचं पोर्ट म्हणजे आरएस-२३२, सेटिंगसाठी. लॅपटॉपवर काहीच उमटलं नाही तर २ आणि ३ नंबरच्या वायरी उलट करून बघा, आणि अगम्य अक्षरं आली तर बहुतेक वायर बरोबर आहे, बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, चुकलाय.

आता हे तीन स्क्रू. कॉमन, एनओ (नॉर्मली ओपन), एनसी (नॉर्मली क्लोज्ड). आत रिले आहे, म्हणजे नुसता स्विच, ओढला की कॉमन एनओला जोडतो, सुटला की एनसीला, स्वतःचा करंट देत नाही, आणि २३० व्होल्ट तर इथे चुकूनही आणायचे नाहीत. बऱ्याच मॉडेलमध्ये सगळं ठीक असताना रिले ओढलेला असतो, सिग्नल गेला किंवा लाईट गेली की सुटतो. कॉमन-एनसीवर बॅटरीवाला हूटर लावला तर तेव्हा तो वाजतो, छान, पण उंदरानं वायर कुरतडली तर? कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून मी कॉमन-एनओवाला, अलार्म पॅनलला लूप द्यायचा या मताचा. एरवी सर्किट पूर्ण, मग रिसीव्हर मेला, वायर तुटली, स्क्रू ढिला झाला, काहीही होऊ दे, सर्किट तुटतं आणि पॅनल बोंबलतं. जोडून झालं की प्लग उपटून खात्री करायची, नंतर वायर काढूनही.

हल्ली म्हणतात एसएनएमपी आहे की, नेटवर्कवरून लक्ष ठेवायची सोय, मग वायर कशाला. ट्रॅप, म्हणजे तिचा अलार्मचा मेसेज, जातो नेटवर्कच्या यूडीपी पद्धतीनं, १६२ पोर्टला, पोचला का याची पावती नाही, आणि वीज गेलेला रिसीव्हर ट्रॅप पाठवणार तरी कसा? दोन्ही ठेवा.

आणि मार्चमध्ये, मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्य सॅटेलाइटच्या बरोब्बर मागे येतो, रोज काही मिनिटं सिग्नल जातो. त्या तारखा रॅकवर चिकटवून ठेवा, नाहीतर ऑपरेटर वैतागून हूटर बंद करतो आणि तो परत चालू करायचं राहूनच जातं.