नॉबवरचे १८० आणि जाळीवरचे १८०

(पुण्यातल्या गृहबेकरांच्या मेळाव्यातील व्याख्यान, थोडे संपादित करून)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत ‘जुन्या ओटीजीचं तापमान तपासणं आणि दुरुस्त करणं’ असा विषय छापलाय, आणि त्यावर मी येतोच. ओटीजी म्हणजे आपला घरातला छोटा विजेचा ओव्हन. आधी एक सांगा. केक वरून काळा, आतून कच्चा निघाला म्हणून रेसिपी लिहिणाऱ्याचा उद्धार केलाय असे किती जण आहेत? बापरे, मागच्या रांगेत तर दोन-दोन हात वर! बरं, आता नॉबवरचे १८० अंश आत खरंच १८० आहेत का, हे मोजून बघितलेले किती? तिघं. तुम्ही तिघं चहाच्या वेळी मला भेटाच.

माझं म्हणणं एवढंच: आधी मोजा, मग बदला. रेसिपी असो, थर्मोस्टॅट असो, नाहीतर अख्खा ओव्हन.

नॉब तापमान मोजत नाही. साध्या ओटीजीत त्याच्यामागे दोन धातूंची जोडपट्टी असते, तोच थर्मोस्टॅट. तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, संपर्क सुटतो आणि ओव्हन तापवणारे रॉड बंद होतात. निवली की पुन्हा चालू. आता ही पट्टी बसवलेली असते बाजूच्या पत्र्यापाशी, नॉबच्या कप्प्यात, आणि तुमचा केक असतो मधल्या जाळीवर. आतली बातमी पट्टीला उशिरा कळते. म्हणून धडधाकट ओटीजीसुद्धा १८० वर ठेवला तरी १६५ ते १९५ असा खालीवर होत राहतो. यात बिघाड काही नाही.

माझ्या वहिनीचं सांगतो, कारण तो राग अजून गेलेला नाही. दिवाळीला तिच्या हातची नानकटाई अख्ख्या सोसायटीत जायची. एका वर्षी ती वरून करपायला लागली आणि बुडाला पांढरीफटक. मेकॅनिक आला, ओव्हन उघडला आणि म्हणाला, “थर्मोस्टॅट गेलाय.” पिशवीत ना थर्मामीटर, ना मीटर. नवा बसवला, पैसे घेतले, गेला. पुढचा घाणा तसाच. पुन्हा फोन केला तर उत्तर काय, “वहिनी, मैदा बदलून बघा.” तिने मैदा बदलला, तूप बदललं, साखर कमी केली. शेवटी “माझा हातच गेला” म्हणून करायचंच सोडून दिलं. इतक्या वर्षांचा हात असा जातो का हो?

मी गेलो, सिलेक्टर दोन्ही रॉडवर ठेवला आणि स्वयंपाकघरातला दिवा घालवला. वरचे रॉड मंद लाल दिसायला लागले. खालचे काळेच. झालं, निदान तिथेच संपलं. बऱ्याच ओटीजीत खालचे दोन रॉड एकामागे एक जोडलेले असतात, एक तुटला की जोडी बंद. मग थर्मोस्टॅट काय करणार? आतली हवा तापेपर्यंत तो वरच्या रॉडना चालू ठेवणार. त्यामुळे वर करपतं, खाली कच्चं राहतं. काढून टाकलेला थर्मोस्टॅट आपलं काम चोख करत होता! खालचे रॉड बदलले आणि नानकटाई परत सोसायटीत फिरायला लागली.

ओघात आलं म्हणून सांगतो, व्होल्टेजकडेही बघा. संध्याकाळी २३० चं २०० झालं तर रॉडची ताकद तेरा नव्हे, जवळजवळ २४ टक्क्यांनी उतरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १६०० वॅटचा ओव्हन १२०० वर येतो. दुपारी झकास तापणारा ओव्हन रात्री आळशी वाटतो तो यामुळे.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. भराभर सांगतो.

के-टाइप थर्मोकपल, म्हणजे टोकाशी तापमान मोजणारी वायर, लागणारा मीटर घ्या, आपल्या तापकीर गल्लीत मिळतो. वायर काचेच्या धाग्याच्या वेष्टणाची हवी, प्लास्टिकची वितळेल. आधी उकळत्या पाण्यात टोक बुडवून बघा. पुण्याच्या उंचीवर साधारण ९८ दाखवायला हवं, १०० नाही. इन्फ्रारेड बंदुकीवर विसंबू नका. ती पृष्ठभाग वाचते, हवा नाही, आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर तर साफ चुकते.

टोक मधल्या जाळीवर ठेवा, पत्र्याला टेकू देऊ नका. ओव्हनचा दिवा पहिल्यांदा गेला की लगेच आकडा घेऊ नका. भिंती तापायला अजून वीस मिनिटं द्या. मग तीन-चार फेऱ्यांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा लिहा आणि सरासरी काढा. दार उघडायचं नाही! १५०, १८० आणि २०० वर हेच करा.

मीटर नसेल तर साखर. ती साधारण १८६ अंशांना वितळते. १८० वर पंधरा मिनिटांत वितळली तर ओव्हन जास्त तापतोय. १९० वर ठेवूनही तशीच राहिली तर कमी.

फरक सगळीकडे सारखा, समजा वीस अंश जास्त, असेल तर आधी नॉब दांड्यावर फिरलाय का बघा. नसेल तर ओव्हनवर चिकटपट्टी लावा: ‘१८० साठी १६०’. काही थर्मोस्टॅटच्या दांड्यात मधोमध बारीक स्क्रू असतो, त्यानेही फरक काढता येतो. पण प्लग काढून, ओव्हन गार झाल्यावर, आणि एका वेळी अगदी थोडा फिरवून परत मोजायचं. फरक दरवेळी वेगळा येत असेल, किंवा रॉड बंदच होत नसतील, तर मात्र थर्मोस्टॅट बदला. त्याआधी दार नीट मिटतंय ना ते बघा. कडेने कागदाची पट्टी सहज सरकली तर बिजागरी सैल झालीय. आणि प्लग १६ अँपिअरचाच, अर्थिंगसकट. मीटर इथे टेबलावर ठेवलाय, चहा घेता घेता हाताळून बघा.