पाबळचे कलबाग सर

(दृश्य: पाबळचा माळ, सकाळ, वर्कशॉपमधून ग्राइंडरचा आवाज)

पाबळ म्हटलं की बहुतेकांना मस्तानीची समाधी आठवते. शिरूर तालुक्यातलं गाव, पुण्यापासून साधारण 70 किलोमीटर, पावसाचा भरवसा नाही, दुष्काळ पाचवीला पुजलेला. पण आपण आलोय ते इथल्या माळावर, ती टोपल्या उपड्या ठेवल्यासारखी गोल घरं दिसतायत ना, तिथं. हा विज्ञान आश्रम. नावात आश्रम असला तरी इथं भजन कमी आणि वेल्डिंग जास्त.

1983 मध्ये हे सुरू केलं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून फूड टेक्नॉलॉजीत पीएचडी, परत आल्यावर म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संशोधन संस्थेत काम, मग मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या रिसर्च सेंटरमध्ये इंजिनिअरिंग विभागाचे प्रमुख. म्हणजे आपल्याकडे ज्याला 'सेटल होणं' म्हणतात त्याच्याही पुढचा टप्पा. आणि पन्नाशी ओलांडल्यावर या माणसानं लवकर रिटायरमेंट घेतली आणि बायकोसकट पाबळला राहायला आले, वीकेंडला येऊन-जाऊन नाही, कायमचे. जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेचं, म्हणजे आयआयईचं एक केंद्र म्हणून आश्रमाचं काम चालू झालं.

पाबळच का? तर इथं काहीच खास नव्हतं म्हणून. पाणी नाही, मोठा कारखाना नाही, शहर जवळ नाही. इथं जे जमेल ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जमेल, असा साधा हिशोब. मला यातला शास्त्रज्ञ फार आवडतो, प्रयोग करायचा तर सोपी जागा निवडून स्वतःला फसवायचं नाही.

प्रयोग कसला? तर शिक्षणाचा. कलबाग सरांचं म्हणणं असं की लहान मूल चालायला, बोलायला शिकतं ते करून करून, हात लावून, पडून, परत उठून. कुणी त्याला आधी थिअरी शिकवत नाही. मग तेच मूल शाळेत गेलं की आपण त्याचे हात बांधून ठेवतो आणि वर म्हणतो याला अभ्यासात गती नाही. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याला नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकणं, मांडली तेव्हा हेच सांगितलं होतं, कोठारी शिक्षण आयोगानंसुद्धा कार्यानुभव सांगितला, पण शाळेत त्या कार्यानुभवाचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, कागदाची फुलं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी विकत आणलेली फाइल. सरांनी तिथंच बोट ठेवलं. काम खोटं असेल तर शिकणंही खोटं. काम खरं हवं, गिऱ्हाईक खरं हवं, आणि काम बिघडलं तर ते परत करून द्यायची जबाबदारीही खरी हवी.

(दृश्य: शेतात सरळ रेषेत ठोकलेल्या चार सळया, वायरी, मीटर)

हे नीट बघा, कारण सगळी गंमत इथं आहे. गावात विहीर किंवा बोअर घ्यायची तर आपल्याकडे पाणाड्या बोलावतात, हातावर नारळ उभा राहिला की इथं खोदा. आश्रमानं स्वस्तातला रेझिस्टिव्हिटी मीटर, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते मोजणारं यंत्र, बनवला आणि मुलांच्या हातात दिला. चार सळया एका रेषेत सारख्या अंतरावर ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून करंट सोडायचा, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज किती येतंय ते वाचायचं, भागाकार केला की रोध मिळाला. मग सळयांमधलं अंतर वाढवायचं, की करंट अजून खोलातून जातो, परत रीडिंग, परत अंतर, परत रीडिंग. सगळे आकडे आलेखावर मांडले की गोष्ट दिसायला लागते, रेघ खाली वळली तर तिथं ओल असलेला झिजका-फुटका थर असायची शक्यता, वरच चढत राहिली तर खाली अखंड काळा पाषाण. आपल्या दख्खनच्या कातळात पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात, त्यामुळे चार पावलं इकडेतिकडे झालं तरी शेतकऱ्याचे पैसे मातीत.

आता विचार करा, ओहमचा नियम शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असतो, पोरं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. पण ज्या पोरानं दिवसभर उन्हात सळया ठोकून तो आकडा काढलाय आणि ज्याच्या आकड्यावर शेजारच्या शेतकऱ्याची बोअर ठरणार आहे, तो पोरगा तो नियम जन्मात विसरणार नाही! आणि हा पोरगा बहुतेक वेळा शाळा सोडलेला, किंवा 'नापास' असा शिक्का बसलेला. आश्रमात प्रवेश देताना मार्कशीटला महत्त्व नव्हतंच.

एक वर्षाचा निवासी कोर्स, डिप्लोमा इन बेसिक रूरल टेक्नॉलॉजी, सगळे डीबीआरटीच म्हणतात, नंतर त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची मान्यता मिळाली. यात चार विभाग, वर्कशॉप, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह आणि आरोग्य, आणि प्रत्येकाला चारही करावेच लागतात. आयटीआयला एक ट्रेड घेतात ना, इथं तसं का नाही? कारण गावात फक्त वेल्डरला वर्षभर पुरेल एवढं कामच नसतं. पण तोच माणूस गेट बनवतो, घराची वायरिंग करतो, मोटर खोलतो, माती तपासतो, तर त्याला गाव सोडायची गरज पडत नाही. हा मुद्दा इतका सरळ आहे, तरी कौशल्य शिक्षणाच्या चर्चा सुरू झाल्या की सगळे परत शहरातल्या नोकरीवरच येऊन थांबतात.

शिकवणाऱ्यांबद्दलही सरांचा विचार वेगळा होता. शिकवणारा स्वतः धंदा करणारा हवा. आश्रमाची जागा, मशीन वापर, ऑर्डरी घे, कमव, आणि ते करता करता मुलांना शिकव. ज्याला स्वतःला कोटेशन काढता येत नाही तो मुलांना काय हिशोब शिकवणार!

ती गोल घरंही याच शिकण्यातून आलेली. लोखंडी अँगलचे त्रिकोण एकमेकांना जोडत जायचे, वरून जाळी आणि सिमेंटचा पातळ थर, मध्ये एकही खांब नाही. एका तुकड्याची लांबी चुकली की चूक पुढं पुढं सरकत जाते आणि शेवटचा त्रिकोण बसतच नाही, त्यामुळे मोजमाप म्हणजे काय हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगड-मातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, त्यानंतर हलक्या आणि मजबूत घरांची गरज किती आहे ते सगळ्यांना कळलं आणि पाबळचे हे डोम, म्हणजे गोल घरं, त्या भागातही उभे राहिले.

छोटा ट्रॅक्टर, अंडी उबवायचं यंत्र, अशी बरीच कामं झाली, ती सगळी इथं सांगत नाही. पण 2002 चं सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांची फॅब लॅबची कल्पना, कॉम्प्युटरवर डिझाइन करा आणि तिथल्या तिथं वस्तू बनवा, ती अमेरिकेबाहेर पहिल्यांदा उभी राहिली ती पाबळला! बंगलोरला नाही, दिल्लीला नाही. आज जगभर अशा हजाराहून जास्त लॅब आहेत. 2003 मध्ये कलबाग सर गेले. पुढं योगेश कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी काम चालू ठेवलं, वाढवलं.

(दृश्य: हायस्कूलची शेड, मुली पाइप कापतायत)

माझ्या मते सरांचं सगळ्यात मोठं काम डोम नाही, फॅब लॅबही नाही, तर हे. आश्रमातला अनुभव त्यांनी साध्या हायस्कूलमध्ये नेला, आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस पूर्ण कामाचा. नाव आयबीटी, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. शिकवायला गावातलाच वेल्डर, वायरमन किंवा डीबीआरटी झालेला पोरगा. मुलं शाळेची बाकं दुरुस्त करतात, रोपवाटिका करतात, गावात हिमोग्लोबिन तपासतात आणि मुलींच्या हातातही वेल्डिंगचा होल्डर असतो, मुलांनाही स्वयंपाक करावा लागतो. राज्याच्या एसएससी बोर्डानं हा विषय मान्य केला आणि तो शाळाशाळांत पसरला.

आता 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलंय, त्यात सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख आणि 10 दिवस दप्तराविना शाळा असं लिहिलंय. चांगलंच आहे, पण 10 दिवसांत नीट टाका मारायलासुद्धा हात बसत नाही हो. पाबळचा हिशोब आठवड्याला एक दिवस, सलग तीन वर्षं असा होता, आणि तो सगळ्या मुलांसाठी होता, फक्त 'कच्च्या' मुलांना तिकडं ढकलायसाठी नाही. टाइमटेबलमध्ये तो एक दिवस द्यायचा की नाही एवढाच प्रश्न आहे. शेड बांधता येते, गावातला वेल्डर तयार असतो, मुलं तर कधीचीच तयार आहेत.