डायल ओरिजिनल आहे का?

चोर बाजार, मटण स्ट्रीट. ही ताडपत्रीवर मांडलेली घड्याळं बघा, निळी, पोपटी, नारंगी, यातली बरीचशी चाळीस-पन्नास वर्षं जुनी आहेत. केस, म्हणजे बाहेरची धातूची चौकट, घासलेली, काचेवर चरे, आणि डायल मात्र कोरी करकरीत. इथेच थांबायचं.

ही फेवर ल्युबाची सी किंग. ही स्विस कंपनी १८६५ मध्येच भारतात आली, म्हणून अजूनही आजोबांच्या कपाटात ही घड्याळं सापडतात. आता लुपमधून, म्हणजे घड्याळजीच्या भिंगातून, बघू. सहाच्या खाली अगदी कडेला बारीक 'स्विस मेड' असायला हवं, इथे ते वर सरकलंय, अक्षरं जाड झालीत, शाई फुटलीये. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत आणि खुणांच्या बुडाशी रंग साचलाय.

म्हणजे ही डायल पुन्हा रंगवलेली आहे. हे कसं होतं ते इथले कारागीर चाचा दाखवतायत. डायलच्या पाठीला दोन पाय असतात, बाजूचे स्क्रू ढिले केले की ती मशीनवरून सुटते, मग जुना रंग, जुनी छपाई सगळं घासून काढायचं, खालचा पितळेचा पत्रा उघडा पडेपर्यंत, मग स्प्रे, मग सुकवायचं, मग कोरलेल्या प्लेटमध्ये शाई भरायची, जास्तीची पुसायची, हा मऊ रबरी गोळा त्यावर दाबायचा आणि उचलून डायलवर टेकवायचा. नाव उमटलं. कंपनीची छपाईही अशीच गोळ्याने व्हायची, फरक आहे तो प्लेटच्या कोरीवकामात, आणि तो लुपखाली लपत नाही. डायल सरळ बसावी म्हणून काही कारागीर कडेला छोटी खाच पाडतात, ती दिसली तर समजायचं, डायलला नंतर हात लागलाय.

सेइकोत अजून सोपं. मागच्या झाकणावर मशीनचा नंबर ७००९ आहे. डायलच्या खालच्या कडेला बारीक नंबर असतो, त्याचे पहिले चार आकडे सहसा तेच हवेत. इथे ६३०९ आहे, म्हणजे ही डायल बहुतेक दुसऱ्या घड्याळाची.

एकदा घासली की ओरिजिनल डायल परत येत नाही, किंमतही पडते.

ही दुसरी सी किंग. कड पिवळी, चारपाशी डाग. चाचांनी फक्त धूळ उडवली, डायलला बोट लावलं नाही. आता चावी देतायत.