पाडव्याच्या रात्री पडलेली रिंग

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळचे पावणेआठ वाजून गेलेत. मोबाइलवर घेतलेलं हे चित्रण. उजेडाची एक रेघ निघते, पुढे तिच्या चार-पाच होतात. उल्का एवढी रेंगाळत नाही, पापणी लवेपर्यंत विझते. हे सावकाश चाललंय. विदर्भातून दिसलं, मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही दिसलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातलं लाडबोरी. गावाच्या मोकळ्या जागेत ही धातूची रिंग येऊन पडली. दहा फुटांच्या आसपास. शेजारी माणूस उभा राहिला की मग कळतं केवढी ते. आणि हा गोळा त्याच तालुक्यातल्या पवनपार गावाच्या बाजूचा. जवळून पाहा, रिळावर दोरा गुंडाळावा तसे काळे धागे.

गावात म्हणाले, सॅटेलाईट पडला. खरं तर पडला तो उपग्रहाला वर पोचवणाऱ्या वाहनाचा भाग. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हे चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे, म्हणजे वरच्या भागाचे, अवशेष. फेब्रुवारी २०२१ मध्ये उड्डाण झालं, काम संपलं आणि रिकामा टप्पा लांबट कक्षेत फिरत राहिला. कक्षेचं एक टोक हजारो किलोमीटर दूर, दुसरं विरळ हवेला लागून. दर फेरीत खालच्या टोकाशी थोडा वेग जायचा आणि दूरचं टोक जवळ यायचं. असे चौदा महिने.

शेवटी सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने तो दाट हवेत शिरला. समोरची हवा दाबली जाऊन भट्टीसारखी तापते, पातळ पत्रा वितळून जातो. पण असले गोळे टाक्यांमधला दाब राखणाऱ्या वायूसाठी असतात. प्रचंड दाब सोसायलाच बनवलेले, ते खालपर्यंत पोचतात.

रिकामा टप्पा ठरवून निर्जन समुद्रात पाडता येतो. त्यासाठी इंधन राखून ठेवावं लागतं, म्हणजे तेवढा भार कमी न्यायचा. ते कुणाला परवडतं?

अंतराळातल्या वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीबाबतच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई ज्याचं रॉकेट त्या देशाने द्यायची. लाडबोरीत कुणाला इजा झाली नाही.

रिंग सिंदेवाही पोलीस ठाण्यात जमा झाली. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले.